टॅब्लेटवर व्यवसाय चालेल का, हे ठरवण्याची रीत

पणजी, मडगाव किंवा म्हापशातील एखाद्या छोट्या कचेरीत जुना संगणक बदलायची वेळ आली की त्याच्या जागी टॅब्लेट घ्यावा का, हा विचार हल्ली हटकून पुढे येतो. २०२१पासून आयपॅड प्रोमध्ये मॅक संगणकांतली एम-१ चिप बसू लागली, त्यामुळे वेगाची अडचण फारशी उरलेली नाही. गाडे अडते ते सॉफ्टवेअरपाशी. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपण संगणकावर जे जे करतो ते काही आठवडे वहीत टिपून ठेवावे, आणि रोजच्या कामांपेक्षा, जी क्वचित येतात पण टाळता येत नाहीत, ती अधिक बारकाईने तपासावीत.

त्यांत पहिले डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन, म्हणजे स्वाक्षरी साठवलेले पेनड्राइव्हसारखे उपकरण. कंपन्या आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्था) यांच्या जीएसटी विवरणपत्रांना, तसेच सरकारी ई-निविदांना ही स्वाक्षरी लागते; टोकनचे सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोजसाठी लिहिलेले असते. हिशेबाचे टॅलीप्राइमही विंडोजचेच. एक्सेल आयपॅडवर उघडते, पण त्यातील मॅक्रो (कामे आपोआप करणाऱ्या आज्ञावली) तेथे चालत नाहीत, म्हणजे वर्षानुवर्षे घडवलेले पगारपत्रक निरुपयोगी ठरू शकते. मराठी डीटीपी करणाऱ्यांनी तर, माझ्या मते, हा विचारच सोडावा.

याउलट, बुकिंग आणि विदेशी पाहुण्यांच्या नोंदीचा सरकारी फॉर्म संकेतस्थळावरच भरणारे होमस्टेचालक, जमिनीचा एक-चौदाचा उतारा पाहून अशिलाशी जागेवरच बोलणारे वकील, किंवा बांधकामावर नकाशाच्या पीडीएफवर पेनने दुरुस्त्या करणारे वास्तुविशारद यांना टॅब्लेट लॅपटॉपपेक्षाही सोयीचा वाटेल.

एखाददुसरेच काम अडत असेल, तर जुना संगणक कचेरीत चालू ठेवून टॅब्लेटवरून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप सोयीने त्यावर दुरून काम करता येते. त्यासाठी त्या संगणकावर विंडोजची प्रो आवृत्ती हवी, होम आवृत्तीत ही सोय नाही. शिवाय त्या संगणकाला लावलेले स्वाक्षरीचे टोकन रिमोट डेस्कटॉपमधून सहसा दिसत नाही, हे आधीच पडताळून घ्यावे. पावसाळ्यात वीज गेली की टॅब्लेट बॅटरीवर चालू राहतो, पण कचेरीतला संगणक आणि राउटर बंद पडतात, तेव्हा त्या दोहोंना इन्व्हर्टरची जोड देणे अगत्याचे आहे.

खर्च मांडताना कीबोर्ड आणि पेन यांची किंमत धरावी, कारण ती बहुधा वेगळी मोजावी लागते. आयपॅडची साठवणक्षमता नंतर वाढवता येत नाही, तेव्हा ती सुरुवातीलाच पुरेशी घ्यावी. शक्य झाल्यास खरेदीआधी ओळखीच्या कोणाचा टॅब्लेट मागून घ्यावा आणि त्यावर महिन्याच्या ११ ते २० तारखांदरम्यान काम करून पाहावे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांच्या जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी या विवरणपत्रांची मुदत अनुक्रमे ११ आणि २० तारखेला संपते, आणि टॅब्लेटवर काय होत नाही ते तेव्हाच नेमके कळते.