या डोमेनच्या नावाने मेल कोण कोण पाठवते?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कारखान्याचे ईमेल जुन्या शेअर्ड होस्टिंगवरून (अनेक ग्राहकांत वाटलेल्या भाड्याच्या सर्व्हरवरून) नव्या सर्व्हरवर हलवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा महाप्याच्या एका लहान कंपनीत नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झाले होते. मेलबॉक्स बावीस होते. शनिवारी संध्याकाळी आयमॅपसिंक हे मेलबॉक्सची नक्कल करणारे साधन वापरून सगळा पत्रव्यवहार नव्या सर्व्हरवर उतरवला, एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरवर पोहोचवायचा ते सांगणारी नोंद) बदलला आणि सोमवारी सकाळी प्रत्येक टेबलापाशी उभे राहून मेल येतो-जातो याची खात्री करून घेतली. नऊ दिवसांनी मालकांचा फोन आला, "वेबसाइटवरून एकही चौकशी कशी येत नाही हो?"

चौकश्या येत होत्या. वेबसाइट जुन्याच होस्टिंगवर होती आणि तो सर्व्हर अजूनही स्वतःला या डोमेनचे टपाल कार्यालय समजत होता. त्यामुळे फॉर्ममधून आलेला मेल कुठे पोहोचवायचा हे पाहण्यासाठी त्याने एमएक्स रेकॉर्डकडे ढुंकूनही न बघता तो आपल्याच जुन्या मेलबॉक्समध्ये टाकला, जो आता कोणी उघडत नव्हते. सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण-पानावर, ईमेल राउटिंग ‘लोकल’वरून ‘रिमोट’ करणे हे एका मिनिटाचे काम आहे, पण ते करावे लागते हे मला ठाऊक नव्हते.

तेव्हापासून नव्या ग्राहकाकडे गेल्यावर मेलबॉक्स किती आहेत, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो की या डोमेनच्या नावाने मेल कोण कोण पाठवते. उत्तर बहुधा ‘आम्हीच, आणखी कोण?’ असे मिळते, आणि ते बहुधा अपुरे असते. हिशेब विभागाचे सॉफ्टवेअर बिले पाठवते, स्कॅनर स्कॅन केलेली चलने पाठवतो, हजेरीचे यंत्र रात्रीचा अहवाल पाठवते, आणि विपणनासाठी कोणीतरी कधीकाळी एखादी बाहेरची सेवा घेऊन ठेवलेली असते.

तोंडी चौकशीपेक्षा भरवशाचा मार्ग डीमार्कचा आहे, म्हणजे डोमेनच्या नावाने आलेला मेल तपासणीत नापास झाला तर त्याचे काय करायचे, हे इतर सर्व्हरना सांगणाऱ्या नोंदीचा. डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींच्या सार्वजनिक यादीत) ‘पी इज इक्वल टु नन’ (p=none, म्हणजे काहीही अडवू नका) असे धोरण आणि अहवालासाठी एक पत्ता असलेला टेक्स्ट रेकॉर्ड घातला की कोणताही मेल अडत नाही, मात्र गूगलसारखे मोठे मेल पुरवठादार आपल्या डोमेनच्या नावाने कोणकोणत्या आयपीवरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरील क्रमांकावरून) मेल आले, याचे अहवाल साधारणपणे रोज पाठवू लागतात. हा रेकॉर्ड स्थलांतराच्या आधी किमान पाच आठवडे घालावा, असे माझे मत आहे. कारण पगाराच्या स्लिपा महिन्यातून एकदाच जातात आणि पंधरा दिवसांच्या अहवालांत त्या दिसतीलच असे नाही.

पाठवणाऱ्यांची यादी हाती आली की एसपीएफ, म्हणजे डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे याची नोंद, लिहिणे सोपे होते. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात: एका डोमेनला एसपीएफचा एकच रेकॉर्ड चालतो, आणि त्यातून होणाऱ्या डीएनएस चौकश्या १० पेक्षा अधिक झाल्या की तपासणी त्रुटी दाखवून थांबते. डीकेआयएमसाठी, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीसाठी, २०४८ बिटची की वापरावी. ती २५५ अक्षरांत मावत नसल्याने टेक्स्ट रेकॉर्डमध्ये तुकडे करून लिहावी लागते आणि नवशिक्यांचा एखादा तरी तुकडा हमखास गळतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही बंधनकारक आहेत. लहान कारखान्याचा आकडा तिथवर जात नसला, तरी मी तिन्ही केल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानत नाही.

प्रत्यक्ष बदलाची रात्र त्यामानाने साधी असते. एमएक्स रेकॉर्डचा टीटीएल (इतर सर्व्हरनी ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ) ८६,४०० सेकंद असेल तर तो एक-दोन दिवस आधीच ३०० वर आणावा, अन्यथा जगातले काही सर्व्हर दिवसभर जुनाच पत्ता धरून बसतात. एमएक्स बदलल्यानंतर आयमॅपसिंक पुन्हा एकदा चालवावे. आधी उतरवलेले मेल ते ओळखते आणि मधल्या काळात जुन्या सर्व्हरवर पडलेले तेवढे उचलून आणते. थोडा वेळ सर्व्हर बंद राहिला तरी घाबरून जाऊ नये, कारण पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरची मूळ मुदत तर ५ दिवसांची आहे. पीओपीवर, म्हणजे मेल सर्व्हरवरून संगणकात उतरवून घेण्याच्या पद्धतीवर, चालणाऱ्या संगणकांचे मेल मात्र सर्व्हरवर असतीलच असे नाही. त्या टेबलांवर जाऊनच ते गोळा करावे लागतात.

स्वतःचा सर्व्हर उभारावा का, असे पुष्कळ जण विचारतात. शिकण्यासाठी अवश्य उभारावा: एक स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), स्वतःचे डोमेन, पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स सांभाळणारे डव्हकॉट. त्यातून रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) हा आपल्या डोमेनच्या नव्हे तर आयपी देणाऱ्याच्या हातात असतो आणि कित्येक क्लाउड सेवांवर सर्व्हर एकमेकांना ज्यावरून मेल देतात ते २५ क्रमांकाचे पोर्ट मुळात बंदच असते, हे अनुभवाने कळते. ग्राहकाच्या वीस माणसांच्या कार्यालयासाठी मात्र मी तो सुचवत नाही. त्याची रोजची देखभाल करायला तिथे कोणी नसते.

जुना सर्व्हर मी आता महिनाभर बंद करू देत नाही आणि त्याचा लॉग (सर्व्हरने केलेल्या कामांची नोंदवही) वाचत राहतो. रबाळ्याच्या एका ग्राहकाकडे अठ्ठाविसाव्या दिवशी त्यात एक ओळ उमटली, ती गोदामातल्या वजनकाट्याच्या संगणकाची होती. त्याच दिवशी त्या संगणकात नव्या सर्व्हरचा पत्ता घातला, आणखी एक आठवडा लॉग कोरा राहिला, आणि मगच होस्टिंगचे नूतनीकरण करू नका असे त्यांना कळवले.