प्रारूप विकास आराखड्यावर हरकत घेताना

महापालिकेचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहरात रस्ते, बगीचे, आरक्षणं कुठे येणार याचा कच्चा नकाशा, प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ठरावीक दिवस मिळतात. दिवस मोजायचे ते राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून. सोसायटीच्या ग्रुपवर नकाशाचा फोटो फिरू लागतो तोवर त्यातले बरेच उडालेले असतात.

आधी आपली जागा नकाशावर नेमकी शोधा. ठाण्यात घोडबंदर रोडला गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर लागतो. वाशी-नेरूळला सेक्टर आणि प्लॉट. हिस्सा नंबर चुकला की हरकत शेजारच्या जमिनीला लागते. पीडीएफवर विसंबू नका. झूम केलं की रेषाच जाडजूड होते, आणि 12 मीटरच्या रस्त्याची कडा कंपाउंडच्या आत की बाहेर, ते कळत नाही. नगररचना विभागात पैसे भरून त्या भागाच्या नकाशाची प्रमाणित प्रत घ्या. 1966 च्या नगररचना कायद्यातच ती सोय आहे. मग विद्यमान भूवापर नकाशा, म्हणजे जमिनीवर आज काय आहे ते दाखवणारा नकाशा, पाहा. उभी इमारत तिथे मोकळी जागा म्हणून रंगवली असेल, तर त्या जागेवर पडलेल्या आरक्षणाचं (सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवण्याचं) मूळ बहुधा तिथेच असतं. हरकतीत आधी ती चूक दाखवा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत जोडा.

अर्ज एका पानाचा पुरे. ‘आमच्यावर अन्याय झाला’ या वाक्यावर हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीला काहीच करता येत नाही. असं लिहा: ‘प्रस्तावित रस्ता इमारतीच्या पश्चिम भिंतीच्या 3 मीटर आत येतो. तो समोरच्या मोकळ्या पट्ट्याकडे सरकवावा.’ सोबत मोजणी नकाशावर लाल पेनाने ती रेषा काढून द्या. बगीचा हवा असेल तर कुठल्या सर्व्हे नंबरवर, तेही सांगा; नुसती मागणी हवेत राहते. एकाच मजकुराच्या दोनशे झेरॉक्स देण्यात अर्थ नाही, त्यांना उत्तर एकच मिळतं. सोसायटीचा अर्ज असेल तर ठरावाची प्रत जोडा, नाहीतर सही कुणाच्या अधिकारात केली हा प्रश्न निघतो.

आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. वेळ थोडा मिळतो, म्हणून एकानेच बोलावं आणि नकाशा आधी टेबलावर ठेवावा. समितीच्या अहवालानंतर बदललेला आराखडा शासनाकडे जातो. तो नकाशा आला की आपला सर्व्हे नंबर पुन्हा तपासा. दुसऱ्या कुणाच्या हरकतीमुळे सरकलेला रस्ता तुमच्या गेटवर आलेला असू शकतो.