फेरेट असलेल्या घरात फिनाईल, ब्लीच आणि इतर जंतुनाशके कशी वापरावीत

नाशिकमधील बहुतेक घरांत सकाळी फरशी पुसताना बादलीत टोपणभर फिनाईल टाकले जाते आणि त्याचा वास दरवळला की घर स्वच्छ झाले असे आपण मानतो. घरात फेरेट असेल तर सर्वांत आधी ही सवय तपासून पाहावी लागते. फेरेट म्हणजे मुंगूस नव्हे, जरी पाहायला येणाऱ्या शेजाऱ्यांपैकी निम्मे जण त्याला मुंगूसच म्हणतात. युरोपातील पोलकॅट या प्राण्याचा तो माणसाळलेला वंशज असून मादीचे वजन साधारण पाऊण ते एक किलो आणि नराचे एक ते दोन किलो भरते. साठ किलोच्या माणसाच्या पोटात गेलेला एखादा थेंब कोणाच्या लक्षातही येत नाही, तोच थेंब एक किलोच्या प्राण्याला वजनाच्या मानाने साठपट होतो. शिवाय त्याचे पोट फरशीपासून जेमतेम दोन बोटे वर असते, नाक सतत जमिनीला लागलेले असते आणि अंगाला काही लागले की ते चाटून काढण्याची त्याची सवय असते. त्यामुळे फरशीवर जे उरते ते त्वचेतून, श्वासातून आणि तोंडातून अशा तिन्ही वाटांनी त्याच्या शरीरात जाते.

फिनॉल वर्गातील जंतुनाशके अशा घरात आणूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. काळ्या फिनाईलमध्ये दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारी फिनॉल व क्रेसॉल ही द्रव्ये असतात. जखमेसाठी घरोघरी ठेवल्या जाणाऱ्या डेटॉलमधील क्लोरोक्सायलेनॉलही याच कुळातले. माणसाचे यकृत अशा द्रव्यांना ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देऊन ती शरीराबाहेर टाकण्याजोगी करते. मांजरांमध्ये ही क्रिया फार दुबळी असते, आणि पॅरासिटामॉलच्या बाबतीत फेरेटचे यकृतही हे काम इतर बऱ्याच प्राण्यांपेक्षा सावकाश करते, असे आढळले आहे. घरातली तापाची गोळी त्याला कधीही देऊ नये, याचे कारणही हेच. पांढऱ्या फिनाईलमध्ये मुख्यतः पाइन तेल असते. ते काळ्याइतके जहाल नसले तरी मी ते निर्धोक मानत नाही. दारावर किंवा हातगाडीवर मिळणाऱ्या सुट्या फिनाईलच्या बाटलीवर तर घटकांची यादीच नसते. आमच्या घरी एकदा असेच सुटे फिनाईल मावशींनी चांगला वास यावा म्हणून दुप्पट टाकले होते आणि ओल्या फरशीवरून धावून आलेला आमचा फेरेट अर्ध्या तासात लाळ गाळत पंजांनी तोंड ओरबाडू लागला. चूक मावशींची नव्हती, त्यांना आम्ही काही सांगितलेलेच नव्हते. म्हणून काम करणाऱ्या व्यक्तीला बादली आणि बाटली दाखवून, कारणासह सांगावे. नुसती चिठ्ठी चिकटवून भागत नाही.

रोजच्या फरशीला जंतुनाशकाची गरज नसते. साध्या पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे काही थेंब टाकून फरशी पुसावी आणि दुसऱ्यांदा स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावी. मळ व त्यातील बहुतेक जंतू एवढ्यानेच निघून जातात. जुन्या वाड्यांत किंवा बैठ्या घरांत शहाबादी फरशी असेल तर तिच्या सांध्यांत पाणी मुरून राहते, म्हणून तेथे हे दुसरे पुसणे टाळू नये. जंतुनाशक राखून ठेवावे ते खऱ्या कारणासाठी: प्राण्याला जुलाब झाले असतील, नवा फेरेट घरात आला असेल, बाहेरच्या आजारी कुत्र्याशी कोणाचा संपर्क आला असेल किंवा पिंजरा दुसऱ्याकडून जुना घेतलेला असेल तेव्हा.

अशा वेळी माझी पसंती घरगुती ब्लीचला, म्हणजे सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणाला आहे. ते जहाल असले तरी स्वस्त असते, आणि ज्या चिवट विषाणूंपुढे इतर घरगुती द्रव निष्प्रभ ठरतात त्यांवरही चालते. धुऊन वाळवल्यावर मागे त्रासदायक अंश फारसा उरत नाही. मात्र पायऱ्यांचा क्रम बदलू नये. प्रथम फेरेटला दुसऱ्या खोलीत नेऊन दार लावावे आणि दाराखालची फट जाड टॉवेलने बंद करावी, कारण डोके मावेल एवढ्या फटीतून हा प्राणी सहज निसटतो. पिंजऱ्यातील झोळ्या, खेळणी, भांडी बाहेर काढावीत. त्यानंतर साबणाच्या पाण्याने सगळी घाण घासून काढावी आणि स्वच्छ पाण्याने धुवावी. विष्ठा किंवा अन्नाचे कण राहिले तर ब्लीचची ताकद त्यांच्यावरच खर्च होते. मूत्राच्या बाबतीत ही पायरी अधिक गंभीर आहे, कारण मूत्रातून तयार होणाऱ्या अमोनियाशी ब्लीचचा संयोग झाला की क्लोरामाइन हे घशाला व फुप्फुसांना जाळणारे वायू निर्माण होतात. कोपऱ्यात जाऊन लघवी करणे हा फेरेटचा स्वभावच असल्याने कोपरे आणि शीचा ट्रे आधी भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय ब्लीच लावू नये. संडास साफ करण्याच्या आम्लयुक्त द्रवाबरोबर तर ते कधीच मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये माणसालाही तो झेपत नाही.

द्रावण करताना, बाटलीवर ४ ते ५ टक्के प्रमाण लिहिलेले असेल तर १ लिटर गार पाण्यात ३० मिली ब्लीच पुरते. डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नये. औषधाच्या बाटलीचे खुणा असलेले टोपण मापासाठी वेगळे ठेवावे आणि ते पुन्हा औषधासाठी वापरू नये. पृष्ठभाग १० मिनिटे ओला राहिला पाहिजे. लावले आणि लगेच पुसले तर जंतूंवर परिणाम होत नाही, ब्लीचचा वास मात्र घरभर पसरतो. दहा मिनिटांनंतर दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. धातूच्या जाळीवर ब्लीच जास्त वेळ राहिले तर ती गंजते. उरलेले द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, कारण पातळ केलेल्या ब्लीचचा जोर लवकर ओसरतो. उन्हाळ्यात गच्चीवर किंवा बाल्कनीत पिंजरा तासाभरात कोरडा होतो, पण जुलै-ऑगस्टच्या झडीत तोच अर्धा दिवस ओलसर राहतो. अशा दिवसांत खिडकी उघडी ठेवून पंखा लावावा आणि हाताला ओल व नाकाला वास लागेनासा झाल्यावरच फेरेटला परत सोडावे. त्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे, हे येथे विसरू नये.

फरशी पुसण्याच्या बऱ्याच सुगंधी द्रवांत बेन्झाल्कोनियम क्लोराईड असते. लेबलवरील प्रमाणात पातळ करून, नंतर पाण्याने पुसून घेतल्यास ते वापरता येते, पण मूळ द्रव सांडून त्यात पंजे बुडाले आणि प्राण्याने ते चाटले तर जीभ व टाळूवर व्रण उठतात. हे व्रण काही तासांनी दिसू लागतात, त्यामुळे सुरुवातीला प्राणी ठीक दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. कपडे मऊ करण्याच्या द्रवांतही याच प्रकारची द्रव्ये असतात. झोळ्या आणि पांघरुणे साध्या पावडरने गरम पाण्यात धुवावीत, दोनदा खळबळावीत आणि कडक उन्हात वाळवावीत. मऊ करणारा द्रव त्यांना लावूच नये, कारण फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास त्याच कापडात नाक खुपसून झोपलेला असतो.

'नैसर्गिक' या शब्दाला भुलू नये. सिट्रोनेला, निलगिरी, टी-ट्री यांची तेले घातलेले द्रव आणि पाइन तेल असलेले गोमूत्राचे फिनाईल या प्राण्याच्या दृष्टीने सौम्य नाही. कपाटातील डांबरगोळ्या आणि देवघरातील कापूर हे जंतुनाशक नसले तरी दोन्ही विषारी आहेत आणि फेरेटला वस्तू पळवून लपवण्याचा भारी नाद असल्याने त्या बरणीत बंद असाव्यात. एप्रिल-मेमध्ये काही घरांत कुलरच्या पाण्याचा कुबट वास जावा म्हणून त्यात डेटॉल किंवा फिनाईल टाकतात. त्यामुळे ते द्रव्य दिवसभर खोलीच्या हवेत खेळत राहते. पारा तिशीपुढे गेला की फेरेटला उष्माघाताचा धोका असतो आणि कुलर त्याच्यासाठी हवाच, म्हणून त्यातले पाणी रोज बदलावे आणि टाकी साबणाने घासावी. व्हिनेगरने पाण्याच्या बाटलीवरचे क्षार निघतात, परंतु ते भरवशाचे जंतुनाशक नव्हे.

घरात कोणाला फ्लू झाला तर अनेकजण पिंजऱ्यावर फवारणी सुरू करतात. माणसाचा फ्लू फेरेटला खरोखरच होतो. १९३३ मध्ये लंडनमधील संशोधकांनी माणसातील या विषाणूचा छडा लावला तोही फेरेटच्याच मदतीने. परंतु हा विषाणू साबणाने सहज नष्ट होतो, म्हणून आजारी व्यक्तीने साबणाने हात धुणे, मास्क लावणे आणि बरे होईपर्यंत फेरेटला जवळ न घेणे एवढे पुरेसे आहे. प्राण्याच्या अंगावर सॅनिटायझर किंवा कोणताही जंतुनाशक फवारा मारू नये.

एवढी काळजी घेऊनही अपघात झालाच तर अंग कोमट पाण्याने व सौम्य साबणाने लगेच धुवावे आणि तो अंग चाटणार नाही अशा रीतीने टॉवेलात गुंडाळून धरावे. डोळ्यांत गेले असल्यास किमान दहा ते पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची बारीक धार सोडावी. पोटात गेल्याचा संशय असेल तर मीठपाणी पाजून उलटी करवू नये. घसा जाळत गेलेला द्रव परत येताना पुन्हा जाळतो. लाळ गळणे, तोंड ओरबाडणे, खाणे सोडणे, लाल झालेले तळपंजे, थरथर, लटपटती चाल किंवा जड श्वास यांपैकी काहीही दिसले की डॉक्टरांकडे निघावे, आणि ज्या बाटलीतील द्रव लागला ती घट्ट बंद करून सोबत न्यावी. शहरातील बहुतेक पशुवैद्यांकडे प्रामुख्याने कुत्री-मांजरेच येतात, त्यामुळे फेरेट तपासणारे डॉक्टर कोण आणि रात्री कोणाचा फोन लागतो, हे आजच विचारून तो क्रमांक स्वच्छतेच्या बाटल्या ठेवण्याच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवावा. त्या कपाटाला कडी उंचावर लावावी. खालची दारे फेरेट पंजाने ओढून उघडतो.