बाबांसाठी आणलं बीपीचं मशीन, सापडलं आईचं बीपी: घरी नीट मोजायची सवय कशी लावायची

मागच्या दिवाळीच्या आधी बाबांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आठवडाभर घरी बीपी लिहून आणा, म्हणून दंडाला पट्टा बांधायचं एक डिजिटल मशीन घेतलं, आणि नवीन वस्तू घरात आली की सगळेच एकदा हात लावून बघतात तसं आईनेही दंड पुढे केला. आकडा आला १५८/९६. ती म्हणाली मला काय धाड भरलीय, मशीनच बिघडलं असेल. पाच मिनिटं शांत बसवून परत घेतलं तर १५४/९४. पुढचे सहा दिवस पण तेच. आई ५७ वर्षांची, डोकं दुखत नाही, चक्कर नाही, चार मजले चढून भाजी आणते, आणि माझ्या धाकट्या भावाच्या वेळच्या बाळंतपणानंतर तिचं बीपी कोणी बघितलेलंच नव्हतं!

म्हणून हे लिहितोय. बीपी वाढलेलं असलं तरी बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही आणि आतल्या आत हृदय, किडनी, मेंदूच्या नसा, डोळ्याचा पडदा यांच्यावर ताण येत राहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि बायकांत २१ टक्के जणांचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यावर गोळी चालू होती, म्हणजे तुमच्या बिल्डिंगमधे, वाड्यात, गल्लीत कोणीतरी असणारच. मशीन साधारण दीड-दोन हजारात येतं आणि वर्षानुवर्षं चालतं. लकवा मारल्यावर हॉस्पिटलचं बिल, मग फिजिओ, घरातल्या एकाची सुटलेली नोकरी, हा हिशोब ज्यांनी जवळून बघितलाय त्यांना मी वेगळं काही सांगायला नको.

मशीन घेताना दंडावरचंच घ्या, मनगटाचं नको, कारण मनगट जरा खालीवर झालं की आकडा हलतो. पट्ट्याची साईज बघा, हे दुकानदार सहसा सांगत नाही. शिंप्याची टेप घेऊन दंडाचा घेर मोजायचा, मशीनसोबत येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमीचा असतो, दंड त्याहून जाड असेल आणि तोच आवळून बांधला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. आणलेलं मशीन एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून घ्या, नंतर वर्षातून एकदा. नाडी अनियमित पडत असेल तर डिजिटल मशीन चुकू शकतं, तेव्हा डॉक्टरांनाच विचारा.

आता मोजायचं कसं, कारण नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे एका आरोग्य शिबिरात बाबांना रांगेत उभं ठेवून, फुल शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधून, वर गप्पा मारत बीपी घेतलं होतं आणि त्या आकड्याने बाबा दोन रात्री झोपले नाहीत. तर आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, मिशरी, बिडी काही नको, जिना चढउतार नको. लघवीला जाऊन या, लघवी तुंबलेली असली तरी आकडा वाढतो. खुर्चीत पाठ टेकून बसा, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, मांडीवर मांडी नाही, आणि खाली मांडी घालून बसायची सवय असेल तरी यावेळी खुर्चीच. हात टेबलवर असा ठेवा की पट्टा छातीच्या, म्हणजे हृदयाच्या उंचीला येईल, टेबल बुटकं असेल तर खाली उशी घ्या. बाही वर करून उघड्या दंडावर पट्टा, कोपरापासून दोनेक बोटं वर. मग पाच मिनिटं गप्प बसा, टीव्ही बंद, मोबाईल लांब, आणि मशीन चालू असताना कोणी काही विचारलं तरी बोलायचं नाही. आईचं एकदा मधेच दूधवाल्याशी बोलणं झालं तर वरचा आकडा बारा-पंधराने जास्त आला होता.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर घ्या, ज्या हाताचं जास्त येतं तोच हात पुढे कायम वापरायचा. रोज सकाळी नाश्ता आणि गोळीच्या आधी दोन रीडिंग, मधे एक मिनिट थांबून, आणि संध्याकाळी परत दोन. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, तेव्हा माणूस बिचकलेला असतो, बाकीच्या सहा दिवसांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ते वाढलेलं धरतात, दवाखान्यात हीच रेघ १४०/९० असते. काहींचं फक्त दवाखान्यात डॉक्टर समोर आले की वाढतं आणि काहींचं उलट, दवाखान्यात नॉर्मल आणि घरी जास्त, दोन्ही गोष्टी घरी मोजल्याशिवाय कळत नाहीत. एका आकड्यावरून घाबरू नका आणि एका चांगल्या आकड्यावर निर्धास्त पण होऊ नका. फक्त १८०/१२० च्या वर आलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ जड, एका बाजूचा हातपाय लुळा असं काही असेल तर परत मोजत बसू नका, सरळ १०८ ला फोन. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आकडे लिहायला वेगळी वही आणली होती, ती चार दिवसांत हरवली. मग आईनेच कालनिर्णयवर लिहायला सुरुवात केली, चौकोनात वर दुधाचं लिटर आणि खाली बीपी, ते आजवर चालू आहे. जिथे रोज नजर जाते तिथेच लिहा, डॉक्टरांकडे जाताना त्या पानाचा फोटो काढून न्यायचा.

मिठाचं सांगतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा. कमी खा म्हणून कोणाला कळत नाही, म्हणून आम्ही मिठाची पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख टाकतो. चार माणसांचं घर, दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलो ५० दिवस पुरायला हवं. आमची पहिली पिशवी ३१ दिवसांत संपली! आणि त्यात फरसाण, पापड, विकतचं लोणचं, खारी, बाहेरचा वडापाव यातलं मीठ धरलेलंच नाही. आई म्हणाली मग सैंधव वापरू, पण सैंधव पण मुख्यत: सोडियम क्लोराईडच आहे, बीपीसाठी फरक पडत नाही. लो सोडियम मीठ मिळतं पण त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आम्ही काय केलं तर ताटात वाढायचं मीठ बंद, कणकेत आणि भातात मीठ बंद, ताकात जिरेपूड आणि कोथिंबीर. पहिले पंधरा दिवस बाबा कुरकुरले, आता बाहेरचंच खारट लागतं त्यांना. सध्याची पिशवी ४४ व्या दिवशी आहे आणि अजून तळाशी थोडं शिल्लक आहे.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं, ते सगळ्यांना माहितीये. गुडघेदुखीच्या गोळ्यांकडे मात्र लक्ष द्या, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढू शकतं, आई मेडिकलमधून स्वत:च आणून खायची.

मशीन लगेच नाही जमलं तरी ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगरची तपासणी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, आशाताईंना विचारा. लॅबमधे तपासण्या करत असाल तर पावती जपून ठेवा, जुन्या टॅक्स पद्धतीत आरोग्य विम्याच्या वजावटीच्या मर्यादेतच ₹५,००० पर्यंत प्रिव्हेंटिव्ह चेकअप दाखवता येतं, पैसे कॅशने दिले असले तरी.

शेवटचं, गोळीबद्दल. आईला गोळी सुरू झाली, दोन महिन्यांत १२६/८० वर आली, तर तिने कोणाला न सांगता बंद केली, बरं झालंय मग कशाला खायची म्हणून. मला कळलं ते कालनिर्णयवरून. महिन्याच्या पहिल्या ओळीत १२८, १२६, मग १३४, १४१, चौथ्या ओळीत १५२, सगळं तिच्याच अक्षरात. बीपी नॉर्मल येतंय ते गोळीमुळेच येतंय, कमी करायची की बंद करायची हे डॉक्टर ठरवतील. आता गोळ्यांचा डबा कॅलेंडरच्या बरोब्बर खालच्या फळीवर ठेवलाय, आणि बीपी लिहून झालं की ती त्याच पेनाने गोळीची टिक करते.