सीव्ही दाखवताना नेमकं काय विचारायचं

"माझा सीव्ही जरा बघतोस का? कसा वाटतो सांग." या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे: "छान आहे, एक-दोन ठिकाणी स्पेलिंग बघून घे." विचारणाऱ्याला बरं वाटतं, सांगणारा मोकळा होतो आणि सीव्ही होता तिथेच राहतो. दोष वाचणाऱ्याचा नाही. हा कागद कुठल्या पदासाठी लिहिलाय हेच त्याला सांगितलेलं नसतं, मग तो शुद्धलेखनाशिवाय दुसरं तपासणार तरी काय?

म्हणून कोणाकडेही जाण्याआधी एकाच प्रकारच्या पदाच्या ३ ते ५ खऱ्या जाहिराती निवडा. त्यांत पुन्हा पुन्हा येणारी कामं, साधनं आणि पात्रता एका कागदावर उतरवा. निम्म्याहून जास्त जाहिरातींत जे येतं तो त्या पदाचा गाभा. आता सीव्हीच्या पहिल्या अर्ध्या पानावर यातल्या किती गोष्टी दिसतात ते मोजा. बऱ्याचदा असं आढळतं की नेमकी लागणारी गोष्ट दुसऱ्या पानावर, चौथ्या मुद्द्यात दडलेली आहे. एवढी एक दुरुस्ती स्वतःच करून टाकली की पुढचा फीडबॅक खूप वरच्या पातळीचा मिळतो.

दुसरी घरचीच तपासणी मजकुराची. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडसारख्या साध्या फाईलमध्ये चिकटवा. अर्ज गोळा करणाऱ्या प्रणालीला, म्हणजे एटीएसला, साधारण हेच दिसतं. पीडीएफमध्ये सहसा परिच्छेद साठवलेले नसतात, तर कुठलं अक्षर पानावर कुठे हे साठवलेलं असतं. वाचनाचा क्रम सॉफ्टवेअर अंदाजाने लावतं. त्यामुळे दोन रकान्यांच्या आकर्षक टेम्प्लेटमध्ये डावीकडची कौशल्यं उजवीकडच्या नोकरीच्या वाक्यांत मिसळतात, फोनच्या चित्राच्या जागी रिकामा चौकोन येतो, आणि पाचपैकी चार तारे देऊन दाखवलेलं एक्सेलचं कौशल्य नुसतं 'एक्सेल' एवढंच उरतं. काही फॉन्टमध्ये 'एफ' आणि 'आय' ही इंग्रजी अक्षरं जोडून छापली जातात. अशा वेळी 'सर्टिफाइड'च्या स्पेलिंगमधून ती दोन्ही गळून पडलेली दिसतात आणि तो शब्द शोधला तर सापडत नाही. फोन आणि ईमेल हेडरमध्ये टाकले असतील तर काही प्रणाली ते वाचतच नाहीत. मुख्य मजकुरात घ्या. आणि चिकटवल्यावर काहीच आलं नाही, तर तुमचा सीव्ही म्हणजे नुसतं चित्र आहे.

तारखा महिन्यासकट लिहा, सगळीकडे एकाच पद्धतीने: मार्च २०२२ ते जून २०२४. नुसती वर्षं लिहिली की वाचणारा काहीतरी झाकलंय असं धरून चालतो. लिंक्डइनवरच्या तारखाही याच असाव्यात.

कोणाला दाखवायचा

पहिल्या फेरीत तीन माणसं पुरतात, पण तिघं तीन प्रकारची हवीत. एक, त्याच कामात तुमच्यापेक्षा दोन-चार वर्षं पुढे असलेला किंवा तशा पदासाठी माणसं निवडणारा. कामाचा तपशील खरा वाटतो का, महत्त्वाचं काही राहिलंय का, हे त्यालाच कळतं. दोन, भरतीचं काम करणारी व्यक्ती. तिची नजर पदाचं नाव, गॅप, नोटीस पीरियड आणि शोधायच्या शब्दांवर असते. तीन, तुमच्या क्षेत्राबाहेरचा, पण बारकाईने वाचणारा माणूस. कंपनीतल्या अंतर्गत संज्ञा आणि अर्धवट वाक्यं तोच पकडतो.

घरचे आणि जवळचे मित्र यात सहसा उपयोगी पडत नाहीत. ते प्रामाणिक नसतात म्हणून नव्हे, तर त्यांना तुम्ही माहीत असता म्हणून. कागदावर जे नाही ते त्यांच्या डोक्यात आपोआप भरलं जातं. नोकरी देणाऱ्याकडे तो कागद सोडून दुसरं काही नसतं.

ओळखीच्या सगळ्यांना एकाच दिवशी सीव्ही पाठवून टाकू नका. एकदा वाचलेला माणूस पुन्हा कोऱ्या नजरेने वाचू शकत नाही. दोघा-तिघांचा अभिप्राय घ्या, दुरुस्त्या करा, मग दोन नवी माणसं गाठा.

मागायचा निरोप असा असावा: "नमस्कार मॅडम, मी डेटा अ‍ॅनालिस्ट पदांसाठी अर्ज करत आहे. सोबत दोन पानांचा सीव्ही आणि एक जाहिरात जोडली आहे. तुमची दहा मिनिटं मिळाली तर दोनच गोष्टी सांगाल का? या जाहिरातीसाठी तुम्ही मला मुलाखतीला बोलावलं असतं का? आणि नसतं, तर कुठल्या ओळीवर थांबला असता? शुक्रवारपर्यंत जमलं तर फार मदत होईल, नाही जमलं तरी हरकत नाही." वेळ ठरलेला, प्रश्न दोन, जाहिरात समोर आणि नाही म्हणायला जागा. याच निरोपात "तुमच्याकडे काही जागा असेल तर बघा" हे जोडू नका. मग समोरचा सीव्ही वाचायचं सोडून तुम्हाला कसं टाळायचं याचा विचार करू लागतो. आठवड्याने एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको.

अनोळखी लोकांना किंवा मोठ्या गटात दाखवायचा असेल तर पत्ता, फोन, जन्मतारीख आणि ओळखपत्रांचे क्रमांक काढलेली वेगळी प्रत ठेवा. आधीच्या कंपनीच्या ग्राहकांची नावं किंवा बाहेर न सांगण्यासारखे आकडे असतील तर तेही बदला: 'एका मोठ्या बँकेसाठी' एवढं पुरतं. वर्डची फाईल देत असाल तर त्यात जुन्या कमेंट आणि ट्रॅक केलेले बदल राहिलेत का ते बघा.

समोर बसून वाचून घेताना

सगळ्यात उपयोगी तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. समोरच्याच्या हातात सीव्ही द्या, ३० सेकंद मोजा आणि परत घ्या. मग तीन प्रश्न विचारा. मी कुठल्या कामासाठी अर्ज करतोय? मला साधारण किती अनुभव आहे? लक्षात राहिलेली एक गोष्ट कोणती? लॅडर्स या नोकरीविषयक संकेतस्थळाने भरती करणाऱ्यांच्या नजरेचा मागोवा घेऊन अभ्यास केले होते. २०१२ साली पहिल्या नजरेचा वेळ सुमारे ६ सेकंद आला, २०१८ साली सरासरी ७.४ सेकंद. नजर मुख्यतः नाव, आत्ताचं आणि आधीचं पद, कंपन्या, तारखा आणि शिक्षण यांवरच फिरत होती. तेव्हा ३० सेकंदांत जर वाचणाऱ्याला तुमचं क्षेत्रही सांगता आलं नाही, तर खालची वाक्यं घासत बसण्यात अर्थ नाही. आधी वरचा भाग बदला.

त्यानंतर पेन देऊन शांतपणे पूर्ण वाचू द्या. खुणा तीनच: वेग मंदावला तिथे अधोरेखा, पटलं नाही किंवा कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, न वाचता पुढे गेले तिथे फुली. फुल्या आवर्जून मागा, कारण कंटाळा आल्याचं तोंडाने कोणी सांगत नाही.

तोवर तुम्ही गप्प बसायचं, आणि हे फार अवघड जातं. प्रश्नचिन्ह दिसलं की तोंडून निघतंच, "म्हणजे तिथे काय झालं होतं की..." तसं निघालं तर लगेच थांबा आणि जे बोलणार होतात ते लिहून ठेवा. सीव्हीत नसलेली ओळ बहुतेक वेळा तीच असते.

एक ओळ जवळून बघू. सीव्हीत लिहिलंय: "स्टॉक मॅनेजमेंट आणि रिपोर्टिंगची जबाबदारी पार पाडली." वाचणाऱ्याने प्रश्नचिन्ह केलं. तो विचारतो, स्टॉक कशाचा? सुट्या भागांचा, साधारण १,२०० प्रकार, दोन गोदामं. मोजणी कधी? दर महिन्याला. तुम्ही आल्यावर काय बदललं? आधी नोंद वहीत व्हायची, ती एक्सेलमध्ये आणली. ३ दिवसांची मोजणी एका दिवसात होऊ लागली. रिपोर्ट कोणाला? खरेदी विभागाला, दर सोमवारी. आता नवी ओळ: "दोन गोदामांतल्या सुमारे १,२०० प्रकारच्या सुट्या भागांची मासिक मोजणी, वहीतल्या नोंदी एक्सेलमध्ये आणून मोजणीचा वेळ ३ दिवसांवरून १ दिवसावर आणला." सोमवारचा रिपोर्ट गाळला, कारण ज्या पदासाठी अर्ज आहे त्याच्या जाहिरातीत त्याचा उल्लेखच नाही. 'जबाबदारी पार पाडली' हेही गेलं. त्यातून कोणालाच काही कळत नव्हतं.

आकडा हाताशी नसेल तर बनवू नका. किती जणांची टीम, आठवड्यातून किती वेळा, किती शाखांसाठी, एवढ्यानेही कामाचा आवाका कळतो. प्रत्येक आकड्याला दोन प्रश्न लावून बघा: हे कसं मोजलं, आणि यात तुमचा वाटा किती? उत्तर देता येत नसेल तर तो आकडा मुलाखतीत तुमच्यावरच उलटेल. फ्रेशर असाल तर प्रोजेक्टला हेच प्रश्न लावा. चौघांच्या प्रोजेक्टमध्ये 'आम्ही अ‍ॅप बनवलं' यापेक्षा लॉगिन आणि डेटाबेसचा भाग तुम्ही केला, हे जास्त मोलाचं.

सल्ले एकमेकांना काटतात तेव्हा

एक म्हणतो वर करिअर ऑब्जेक्टिव्ह लिही, दुसरा म्हणतो काढून टाक. नवख्या माणसाचा इथे गोंधळ उडतो, आणि शेवटी जो मोठ्या पदावर आहे त्याचं ऐकलं जातं. त्यापेक्षा तीन रकान्यांचा तक्ता करा: कुठली ओळ, वाचणाऱ्याला काय अडलं, त्याने सुचवलेला उपाय. दुसरा रकाना जवळजवळ नेहमी खरा असतो. तिसरा अनेकदा चुकीचा असतो, कारण तुमच्या कामाची पूर्ण माहिती वाचणाऱ्याकडे नाही. वरच्या उदाहरणात दोघांची अडचण एकच असू शकते: या माणसाला कुठलं काम हवंय ते वरच्या भागातून कळत नाही. पदाचं नाव आणि दोन ओळींचा सारांश दिला की दोघांचंही समाधान होतं.

एकमेकांना न ओळखणारे दोघं एकाच ओळीवर अडखळले तर ती ओळ बदलायचीच. तारीख, पद किंवा दावा यांबद्दल एकालाही शंका आली तरी बदलायचं. रंग, फॉन्ट, रेघा हा आवडीनिवडीचा भाग. एकट्याने सांगितलं असेल तर सोडून द्या. 'एक पान की दोन' या वादात फार अडकू नका, पण दुसऱ्या पानावर चारच ओळी सांडल्या असतील तर त्या काटछाट करून पहिल्यावर घ्या.

चॅटजीपीटीसारख्या साधनांना पूर्ण सीव्ही 'सुधारून दे' म्हणून सांगणं धोक्याचं आहे. जिथे तुम्ही मदत केली तिथे ते 'नेतृत्व केलं' लिहितात, आणि कुठेही नसलेली टक्केवारी घालतात. वाक्य इतकं गुळगुळीत होतं की वाचताना ती भर नजरेतून सुटते. त्यांच्याकडून प्रश्न मागा: "ही जाहिरात आणि हा सीव्ही वाचून, भरती करणाऱ्याला पडतील असे दहा प्रश्न विचार." उत्तरं तुम्ही लिहा. एटीएस स्कोअर देणारी संकेतस्थळं बहुतांशी शब्द जुळवतात. राहिलेला शब्द शोधायला ठीक आहेत, पण स्कोअरच्या मागे लागू नका. पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड लपवायची युक्ती तर करूच नका: मजकूर वेगळा काढला की ते सगळे शब्द उघडे पडतात.

अर्ज करून मिळणारा फीडबॅक

हा कोणी लिहून देत नाही, नोंद ठेवली तरच दिसतो. एका शीटमध्ये तारीख, पद, सीव्हीची कुठली आवृत्ती, अर्ज थेट केला की ओळखीतून, आणि पुढे काय झालं, एवढे रकाने पुरेत. पाच अर्जांवरून काही ठरत नाही. वीसेक अर्ज होऊन एकही कॉल नसेल तर आधी पात्रता तपासा. अनुभवाची वर्षं, कामाचं ठिकाण, काम करण्याची परवानगी यांवरच्या फॉर्ममधल्या प्रश्नांवरच बरेच अर्ज गळतात. तिथे सीव्ही कितीही सुधारला तरी उपयोग नाही. पात्रता बसत असेल तर मात्र पहिलं अर्धं पान पुन्हा लिहा. कॉल येतात पण पुढची फेरी होत नाही, असं असेल तर सीव्हीने त्याचं काम केलंय; तयारी बोलण्याची हवी, किंवा कागदावर असं काही आहे ज्यावर तुम्हाला दोन मिनिटंही बोलता येत नाही.

मुलाखतीत वारंवार येणारे प्रश्न त्याच शीटमध्ये टिपून ठेवा. प्रत्येक जण "मधले आठ महिने काय करत होता?" असं विचारत असेल तर त्या आठ महिन्यांची एक साधी, खरी ओळ सीव्हीत हवी: आजारी पालकांची देखभाल, परीक्षेची तयारी, जे असेल ते. आणि ज्या कामाचा तुम्हाला अभिमान आहे त्याबद्दल एकही जण विचारत नसेल, तर ते फार खाली आहे किंवा वाचून कळत नाही.

लांबलचक सगळं लिहिलेली एक मास्टर फाईल जपा आणि प्रत्येक पदासाठी तिच्यातून निवडून छोटी प्रत करा. ज्यांनी वेळ दिला त्यांना पुन्हा पूर्ण सीव्ही न पाठवता, त्यांच्या सांगण्यावरून बदललेल्या दोन ओळी आधी-नंतर अशा दाखवा; त्या वाचायला एक मिनिटही लागत नाही. इतक्या फेऱ्यांनंतर नव्या चुका शिरलेल्या असतात, त्यामुळे पाठवायचीच फाईल एकदा मोबाईलवर उघडा, प्रत्येक लिंक दाबून बघा आणि त्यावर छापलेला फोन नंबर दुसऱ्या फोनवरून लावून बघा.