सुरात पंख का गळाला? सिम्युलेटर तपासायची माझी रीत

दिवाळीच्या सुट्टीत आलेली पुतणी संगणकावर लढाऊ विमान उडवायचा खेळ, म्हणजे सिम्युलेटर, खेळता खेळता ओरडली, "काका, मी काहीच केलं नाही, नुसता सूर मारला आणि पंख गळून पडला! खरंच असं होतं का?"

मी सव्वीस वर्षं पंपांच्या कारखान्यात कंपनं मोजली. त्यामुळे किती वेगाला तुटलं यापेक्षा कशानं तुटलं, हे मला आधी लागतं. मग आम्ही दोघांनी पाच-सहा संध्याकाळी भरपूर विमानं पाडली. त्यातून ही रीत बसली. ती दुसऱ्या महायुद्धातल्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) लढाऊ विमानांपुरती आहे. जेटचं प्रकरण वेगळं.

आधी तयारी. वारा बंद, जमिनीवर तापमान १५ अंश, इंधनाची टाकी अर्धी. उड्डाणाची नोंद टॅकव्ह्यूमध्ये (उड्डाण नंतर तपासून बघायचं सॉफ्टवेअर) घ्या, कारण सुरात काटे वाचायला सवड नसते. नोंदीत उंचीसोबत तीन आकडे बघायचे: काट्यावरचा वेग, हवेतला खरा वेग आणि माख, म्हणजे खरा वेग त्या ठिकाणच्या ध्वनिवेगाच्या किती पट आहे ते.

खरी गल्लत इथेच होते. काट्याला कळतो तो हवेचा दाब, आणि वर हवा विरळ. अमेरिकेच्या पी-३८ लाइटनिंग या लढाऊ विमानाची सुरातली अडचण माख ०.६८ च्या आसपास सुरू व्हायची. मी कागदावर गणित मांडलं. ९,००० मीटरवर एवढा माख होतो तेव्हा काटा ताशी ४७५ किलोमीटरच्या आसपास असतो, आणि ३,००० मीटरवर सुमारे ७००. वर ज्या आकड्याला विमान हाताबाहेर जातं, त्याच आकड्याला खाली वैमानिक निवांत असतो.

म्हणून पहिला सूर ९,००० मीटरवरून, पी-३८ घेऊन. 'आयएल-२ ग्रेट बॅटल्स' या खेळात त्याचा जे-२५ हा प्रकार आहे, त्याचे डाइव्ह फ्लॅप (सुरातून सावरायला पंखाखाली बसवलेल्या झडपा) मिटलेले ठेवा. विमान उलटं करून साठ अंशांत खाली न्या. पंख तुटतो का, ही वाट बघू नका. बघायचं ते असं: विमान थरथरतं का, नाक आपोआप आणखी खाली जातं का, विमान वळवायची काठी मागे ओढूनही ते ऐकेनासं होतं का. पंखावरची हवा ध्वनिवेग ओलांडते, उचल कमी होते आणि शेपटीवर येणारा प्रवाह बदलतो, त्याचा हा परिणाम. खाली हवा उबदार आणि दाट होते, माख उतरतो आणि काठीत पुन्हा जीव येतो. हे सगळं दिसलं तर सिम्युलेटर बनवणाऱ्यांनी अभ्यास केलाय. आता फ्लॅप उघडून तोच सूर पुन्हा मारा. विमान लवकर सावरलं पाहिजे, ते फ्लॅप त्यासाठीच बसवले होते.

दुसरा सूर ३,००० मीटरवरून, उथळ. इथे माखच्या आधी सांगाड्याची मर्यादा आडवी येऊ शकते, आणि माझा जिव्हाळ्याचा विषय येतो, फ्लटर. हवेचा जोर आणि पंखाचा लवचीकपणा एका तालात आले की कंपन स्वतःच वाढत जातं, आणि बघता बघता पंखाचे तुकडे होतात. १७ एप्रिल १९४१ रोजी जपानी नौदलाचे लेफ्टनंट शिमोकावा झीरो या लढाऊ विमानाच्या अशाच बिघाडाचा छडा लावायला सूर मारत होते, आणि त्यातच गेले. पुढच्या झीरोंच्या पंखाचा पत्रा जाड केला गेला, सुराची मर्यादा वाढली. खेळात काडकन पंख तुटण्याआधी एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) थरथरताना दिसले, तर मी त्या खेळाला पैकीच्या पैकी देतो. (पंपाचा दांडाही तुटण्याआधी आवाज देतो. ऐकणारा हवा.)

तिसरा सूर विमान त्यातून वर ओढून काढण्याचा. तोच वेग ठेवून एकदा हळू आणि एकदा जोरात ओढा. नुसत्या वेगानं न तुटलेलं विमान या ओढीत तुटू शकतं. काठी जड आहे म्हणून ट्रिम (काठीवरचा जोर हलका करणारी जुळणी) मागे फिरवून ठेवला, तर खालच्या हवेत जोर परतताच विमान एकदम वर उसळतं आणि पंखावर भलता भार येतो. हे करून बघाच, खेळाची पारख होते.

जर्मनीच्या मेसरश्मिट १०९ ला ताशी ७५० किलोमीटरची मर्यादा होती, मग ७६० ला का तुटत नाही, असं भांडणारे भेटतात. वेगाच्या काट्यावरची लाल रेघ म्हणजे कडा नव्हे, तिच्यापुढे राखीव जागा ठेवलेली असते. एप्रिल १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या चाचण्यांत वैमानिक मार्टिनडेल यांनी स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान माख ०.९ च्या आसपास नेलं. पुढचा पंखाच निखळून गेला, तरी त्यांनी विमान तरंगत आणून उतरवलं. पण म्हणून प्रत्येक स्पिटफायर तिथवर सुखरूप जावं, असंही नाही. दहा सुरांत दहा वेगळे निकाल आले तर मला ते खरं वाटतं.

पुतणीच्या खेळात कुठूनही सूर मारला तरी बरोबर ७८० ला डावा पंख जायचा, आणि वरून येताना काठी एकदाही जड झाली नाही. तिनं तो खेळ काढून टाकला. आता ती झीरो घेऊन बसलीय. मला पी-३८ चा तिसरा सूर पुन्हा करायचाय, पण घरात जॉयस्टिक एकच आहे.