साथीच्या काळात सगळ्यांनी मिळून प्राइडची गोधडी कशी शिवायची

२०२० ला कोरोनामुळे लॉकडाऊन लागला आणि जगभरातले प्राइड मार्च, म्हणजे समलैंगिक, ट्रान्सजेंडर अशा एलजीबीटी लोकांचे अभिमानाने निघणारे मोर्चे, एकामागून एक रद्द झाले, मग २७ जूनला ग्लोबल प्राइड म्हणून सगळं ऑनलाइन झालं. ते गरजेचंच होतं, पण स्क्रीन बंद केली की हातात काही राहत नाही. म्हणून अशा वेळी ग्रुपला एकत्र काही करायचं असेल तर मी गोधडीच सांगेन. तुकडे ज्याच्या त्याच्या घरी तयार होतात, जोडणी एका ठिकाणी होते, गर्दी कुठेच करावी लागत नाही.

सुरुवातीलाच एक नियम करा, प्राइडच्या इंद्रधनुषी झेंड्यातल्या सहा रंगांपैकी एका माणसाला एकच रंग. हे फार महत्त्वाचं आहे. लॉकडाऊनमध्ये कितीतरी जणांना हॉस्टेल, पीजी सोडून आईवडिलांच्या घरी परत जावं लागलं, जिथे कुणाला काही माहीत नाही आणि दार लावून बसायला वेगळी खोली पण नाही. अशा घरात सहा रंगांचा पट्टा काढत बसलं तर प्रश्न सुरू होतात, पण हिरव्या कापडावर पानं भरत बसलेल्या मुलाला किंवा मुलीला फार तर "काय करतोयस रे / करतेयस गं" एवढंच विचारतील आणि पुढे जातील. सहा रंग एकत्र येतात ते थेट जोडणीच्या घरी. ज्यांना घरी सांगता येत नाही त्यांना पण यात पूर्ण भाग घेता आला पाहिजे, नाहीतर तो प्राइड फक्त सांगू शकणाऱ्यांचाच होतो.

आणि हा झेंडा मुळात अनेकांच्या हातांनीच झालाय. १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये गिल्बर्ट बेकर आणि त्याच्या सोबतच्या स्वयंसेवकांनी कम्युनिटी सेंटरमध्ये कापड हाताने रंगवून, शिवून पहिले झेंडे केले. तेव्हा रंग आठ होते, सहा नंतर झाले, प्रत्येकाला अर्थ होता, त्यात केशरी म्हणजे बरं होणं. साथीच्या काळात केशरी तुकडा ज्याच्याकडे जाईल त्याला हे नक्की सांगा.

आता मापं. आडव्या सहा रांगा, प्रत्येक रांगेत नऊ तुकडे, म्हणजे एकूण ५४. शिवून झाल्यावर तुकडा १२ इंच बाय १२ इंच हवा, म्हणून कापताना १३ इंच कापायचा आणि चारही बाजूंनी अर्धा इंच कोरा ठेवायचा, तिथे भरतकाम नको, टिकली नको, रंग पण नको. जोडल्यावर ६ फूट बाय ९ फूट होतं. माणसं कमी असतील तर एकाने दोन-तीन करावेत, काही बिघडत नाही. माप तोंडी सांगू नका, रद्दीच्या पेपरचा १३ इंचाचा चौकोन कापून घ्यायला सांगा आणि त्याचा पट्टी ठेवून काढलेला फोटो मागवा.

कापड सुती, जुनं चालेल, उलट जुनंच घ्या, ओढणी, बेडशीट, कुर्ता. आधी धुऊन घ्या म्हणजे आटायचं ते आटेल, आणि लाल, जांभळं कापड वेगळं भिजवून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, नाहीतर शेजारचा पिवळा तुकडा गेलाच. शिवता येत नसेल तर फॅब्रिक पेंट घ्या, बटाट्याचे ठसे करा, पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवा. येत असेल तर साधा धावदोरा, साखळी टाका, जुन्या साडीचा काठ, बटणं, जे जमेल ते. सगळ्यांचं सारखं दिसायची अजिबात गरज नाही.

कुणी गेलं असेल तर त्याच्या आठवणीचा तुकडा करायला सांगा. हे दुसऱ्या एका साथीतून आलंय. एड्सच्या काळात क्लीव्ह जोन्स या अमेरिकन कार्यकर्त्याच्या कल्पनेतून जी मोठी गोधडी सुरू झाली, ती ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते, प्रत्येक ३ फूट बाय ६ फूट, साधारण कबरीएवढा. आणि २०२० ला तीच गोधडी सांभाळणाऱ्या गर्ट मॅकमुलिनने उरलेल्या कापडाचे मास्क शिवले. मला हे वाचून फार भरून आलं होतं.

सोबत बसून शिवायचं असेल तर व्हिडिओ कॉल ठेवा, पण कॅमेरा बंद चालेल, नाव बदललेलं चालेल, नुसतं चॅटवर लिहिलं तरी चालेल, आणि हे आधीच सांगा म्हणजे कुणाला मागावं लागणार नाही. कॉलचं रेकॉर्डिंग नको, स्क्रीनशॉट पण नको.

तुकडे पोस्टाने मागवा. पाकिटावर ग्रुपचं नाव नको, इंद्रधनुष्याचा स्टिकर तर नकोच, पाठवणाऱ्याचं घरातलं जे नाव असेल तेच. पत्ते एकाच माणसाकडे राहू द्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कापडावरून संसर्ग व्हायचा धोका कमीच असतो, खरी भीती बंद खोलीतल्या हवेची, त्यामुळे जोडणी शक्यतो एकाच घरातल्या माणसांनी करावी, बाहेरचं कुणी येणार असेल तर गच्चीवर, मास्क लावून.

जोडताना आधी एका रंगाचे नऊ तुकडे जोडून लांब पट्टी करा, प्रत्येक शिवण इस्त्रीने दाबून घ्या, मग पट्ट्या वरून खाली लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा अशा जोडा. चारी बाजूंना फिका निळा, गुलाबी, पांढरा असे दोन-दोन इंचांचे काठ लावले तर ट्रान्स झेंड्याचे रंगही येतात आणि माप ७ फूट बाय १० फूट होतं. जुन्या नऊवारीचे मधोमध दोन तुकडे करून लांबीच्या बाजूने जोडले की अस्तर आरामात पुरतं. मग दोन्ही थरांतून बोटभर अंतरावर धावदोरा घाला, वरच्या कडेला काठी जाईल असे लूप लावा.

लॉकडाऊनमध्ये तृतीयपंथी मैत्रिणींची मंगती, म्हणजे लोकांकडे पैसे मागून पोट भरणं, बंद झाली, रोजच्या खायचे वांधे झाले होते. त्यांच्यातल्या शिवण येणाऱ्या कुणाला हे जोडणीचं काम देणार असाल तर शिलाईचे पैसे आधी द्या, समाजाचं काम आहे म्हणून फुकट करून घेऊ नका. वर्गणी काढायची ती यासाठीच काढा.

गोधडी लावायची ती ज्याने घरी आणि सोसायटीत स्वतःबद्दल सांगितलंय त्याच्याच बाल्कनीत. बाकीच्यांना लाइव्ह दाखवा, फोटो वरून काढा म्हणजे चेहरे येणार नाहीत, आणि फोनमधलं लोकेशन बंद ठेवा. कोणत्या तुकड्याखाली कुणाचं नाव द्यायचं हे प्रत्येकाला वेगळं, खासगीत विचारा. उत्तर आलं नाही तर ते नाही समजा आणि नाव देऊ नका. सगळं झालं की ज्याच्याकडे पत्त्यांची यादी आहे त्याने ती डिलीट करावी आणि केली असं ग्रुपवर कळवावं.